लोडनानांची फेरी

वर्षातला एक आठवडा या गावातले विजेचे खांब माणसांपेक्षा सुखात असतात. त्यांच्या अंगाभोवती जाडजूड गाद्या गुंडाळलेल्या असतात. त्या शिवणारे, बांधणारे, आणि शर्यत संपली की सोडून हातगाडीवर घालून परत नेणारे गृहस्थ म्हणजे लोडनाना. दुकान गाद्या-उशांचं, पण हात बसलेला लोड शिवण्यात. म्हणून कुणीतरी लोडनाना म्हणालं आणि ते चिकटलं. खरं नाव कुणी विचारलंच तर नाना क्षणभर विचारात पडायचे.

खांबाची गादी म्हणजे झोपायची गादी नव्हे. झोपायच्या गादीत माणूस सावकाश पडतो. इथे तो विजेसारखा येतो. नुसता कापूस भरला तर तो दबतो आणि खांब आपला जागच्या जागी. नुसता काथ्या भरला तर गादीच खांबाइतकी टणक होते. नाना आत काथ्या, मध्ये जुना फोम, वर पिंजलेला कापूस असा थर लावायचे, वर ताडपत्रीची खोळ चढवायचे आणि दाभणाने सुतळी ओढून शिवायचे. मग मूठ आवळून एक गुद्दा हाणायचे. गुद्द्याचा आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा उसवायचे. दुकानात आलेलं गिऱ्हाईक हे बघून घाबरायचं आणि म्हणायचं, "नाना, आमच्या गादीला मारू नका हो एवढं."

शर्यतीचा रस्ता म्हणजे काही वेगळा बांधलेला रस्ता नाही. गावाचाच रस्ता. टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिच्याभोवती तो वळसा घालून जिथून निघतो तिथेच परत येतो. पूर्वी त्यावरून खाणीतला दगड बैलगाड्यांतून धक्क्यावर जायचा, म्हणून रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंच्या भिंती दगडी. पुढे एकदा एक दूधवाला आणि एक पाववाला यांची जुंपली, की टाकीला वळसा घालून आधी कोण परत येतं. दोघांच्याही मोटरसायकली नव्या होत्या आणि अक्कल जुनी नव्हती. कोण जिंकलं यावर आजही दोन तट आहेत. पण पुढच्या वर्षी बघायला गर्दी जमली, त्याच्या पुढच्या वर्षी बाहेरगावचे लोक आले, एका फेरीच्या अनेक फेऱ्या झाल्या, आणि शर्यत गावाच्या गळ्यात पडली ती पडलीच. एरवी त्याच रस्त्यावरून शाळेची बस जाते, भाजीची गाडी जाते, आणि बेकरीच्या वळणावर एक कुत्रं झोपलेलं असतं. शर्यतीच्या दिवशी त्याला उचलून आत ठेवतात.

या शर्यतीची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना विचित्र वाटते. गावातल्या पोरानं पहिल्यांदा शर्यतीत उतरायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी घरचं एक माणूस त्याच्यासोबत अख्खी फेरी पायी चालतं. ज्या दिशेनं गाड्या धावणार त्याच दिशेनं, फूटपाथवरून नाही, रस्त्यावरून. सुरुवातीच्या रेषेपासून निघायचं आणि त्याच रेषेवर परत यायचं. तिथे पंच बसलेले असतात. ते एवढंच विचारतात, "सोबत कोण?" चालणाऱ्यानं "मी" म्हटलं की घराचा होकार झाला. पण दोघांपैकी कुणाचाही पाय रेषेच्या आधी फूटपाथवर पडला, तर घराची 'ना'. मग पोरगं पंचांच्या पायावर डोकं आपटो, त्या वर्षी गाडी रस्त्यावर येत नाही. ही रीत पडली त्यालाही कारण झालं होतं. फार पूर्वी एक आई ऐन शर्यतीच्या वेळी विळी घेऊन सुरुवातीच्या रेषेवर येऊन बसली होती, आणि मुलगा गाडीवरून उतरेपर्यंत भाजी चिरत राहिली. तेव्हा शर्यतीच्या समितीनं ठरवलं की रडारड असेल ती आदल्या दिवशी उरकून घ्यायची.

नाना ही फेरी एकदाच चालले होते. धाकट्या भावासोबत. आईवडील नको म्हणत होते, म्हणून थोरला भाऊ म्हणून नाना चालले, रेषेवर छाती काढून "मी" म्हणाले. दुसऱ्या दिवशी शेवटच्या वळणावर, न्हाव्याच्या दुकानासमोरच्या खांबावर आदळून, धाकटा गेला. त्या काळी खांबांना गाद्या नसायच्या. पुढच्या वर्षी त्या खांबाला पहिली गादी बांधली ती नानांनी, कुणालाही न विचारता. समितीनं पाहिलं आणि म्हटलं, बाकीच्यांनाही बांधा. तेव्हापासून नाना सगळ्या रस्त्याला गाद्या बांधत आले. शर्यत मात्र त्यांनी पुन्हा कधी पाहिली नाही. त्या दिवशी ते दुकानाचं दार आतून लावून कापूस पिंजत बसायचे.

आणि आता त्यांची मुलगी उतरणार म्हणत होती.

मुलीला घरात भिंगरी म्हणायचे. चालायला शिकली तेव्हापासून तिचा पाय कधी जमिनीवर ठरला नव्हता. मिस्त्रीच्या गॅरेजात ती कामाला होती, आणि हात इतका चांगला होता की लोक गाडी लावताना मिस्त्रीला विचारायचे, "ताई आहेत ना?" गाववाल्यांच्या छोट्या गाड्यांची एक वेगळी शर्यत असते. त्या शर्यतीसाठी मिस्त्रीनं आपली जुनी गाडी तिला दिली होती, आणि तिनं ती खिळा न् खिळा सोडून पुन्हा जोडली होती.

"नाना, माझ्यासोबत चालाल?" तिनं जेवताना विचारलं होतं. नानांनी भात वाढून घेतला, तो तसाच पानात ठेवला, आणि हात धुवायला उठले.

नानी म्हणाल्या, "माझे गुडघे धड असते ना, तर मीच चालले असते. आणि तुमच्या आधी रेषेवर पोचले असते."

"तुला भीती नाही वाटत?" नाना मोरीतूनच म्हणाले.

"वाटते की. पण पोरगी तिची तिची वाढलीय. आपण तिला लोडासारखी भिंतीला टेकवून ठेवायची का आता?"

नानांच्या ते फार जिव्हारी लागलं. त्या रात्री ते बराच वेळ कुशीवर वळत राहिले. सकाळी मात्र चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "चालतो." भिंगरीनं उठून त्यांना मिठीच मारली. नानी नुसत्या बघत राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस एवढ्या पटकन कधी 'हो' म्हणाला नव्हता, आणि म्हणाला तेव्हा त्यात काहीतरी काळंबेरं होतं.

होतंच. नानांनी मनाशी बेत केला होता. नाही म्हटलं तर बाप आडवा आला असं होईल, पोरगी जन्मभर मनात धरेल. त्यापेक्षा चालायचं. चालता चालता प्रत्येक वळणावर काय काय झालंय ते सांगायचं, म्हणजे तिचीच छाती दडपेल. आणि एवढं करूनही नाहीच दडपली, तर शेवटच्या वळणावर, धाकट्याच्या खांबापाशी, एक पाय फूटपाथवर टाकायचा. तिथे बापाचा पाय घसरला तर जगातला कोणता माणूस बोल लावेल? बेत चोख होता. नानांना स्वतःची थोडी लाज वाटली, पण थोडीच.

संध्याकाळी वाहतूक बंद झाली आणि दोघं रेषेवरून निघाले. रस्ता रिकामा असला की किती मोठा वाटतो. खिडक्यांतून लोक बघत होते, पण फेरी चालणाऱ्यांना कुणी हाक मारत नाही, तेही रीतीतच बसतं. नाना नव्या कोऱ्या चपला घालून आले होते. त्या चावत होत्या.

पहिलं बेकरीचं वळण. नानांनी घसा साफ केला. "इथे एक नावाजलेला गडी घसरला होता. थेट बेकरीत. बिस्किटांच्या ट्रेसकट भट्टीपर्यंत गेला. खांद्याचं हाड बाहेर."

"कितव्या गिअरमध्ये होता?" भिंगरीनं विचारलं.

"ते मला काय ठाऊक? हाड बाहेर आलं होतं म्हणतोय मी."

"तिसऱ्यात असणार. इथे दुसऱ्यातच यायला लागतं. तिसऱ्यात आलं की बेकरी ठरलेलीच."

 जाता जाता नानांनी बेकरीच्या कोपऱ्यावरच्या गादीला एक गुद्दा हाणून घेतला. आवाज चांगला होता.

पुढे ओढ्यावरचा छोटा पूल. पुलाला पाठीवर कुबड असल्यासारखा उंचवटा आहे, गाड्यांची दोन्ही चाकं तिथे हवेत जातात, आणि फोटो काढणारे सगळे तिथेच उभे असतात. नानांनी तिथल्या एका स्वाराचे पुढचे दात कसे गेले ते रंगवून सांगितलं. दातांची संख्या त्यांनी थोडी वाढवलीही. भिंगरी म्हणाली, "तो हवेत असताना ब्रेक दाबून बसला असेल. हवेत काही करायचं नसतं, नाना. नुसतं थांबायचं." पालथ्या घड्यावर पाणी.

शाळेच्या उतारावर नानांनी आणखी एक हकिगत सुरू केली, पण ऐकणारं माणूसच शेजारी नव्हतं. भिंगरी रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसली होती.

"नाना, इकडे या. हे बघा."

नाना वाकले. डांबर जरा काळपट दिसत होतं, बाकी काही नाही.

"शाळेच्या भिंतीखालून पाणी झिरपतं. उन्हाळ्यातसुद्धा. हात लावा. सकाळी हा एवढा पट्टा ओला असतो, म्हणून इथे मी भिंतीच्या बाजूनं येणारच नाही. तिकडून, गटाराच्या झाकणाच्या उजवीकडून."

नानांनी हात लावला. गार लागलं. ते वाकल्या वाकल्याच वर-खाली बघू लागले. आणि त्यांच्या लक्षात आलं की पोरगी मघापासून सरळ चालतच नव्हती. कधी डाव्या कडेला जायची, कधी तिरपी आत यायची, पुन्हा बाहेर. नाना मधून चालत होते आणि तिला मागे राहिलेली समजत होते. ती तिच्या गाडीच्या वाटेनं चालत होती. नानांनी इतकी वर्षं या रस्त्याच्या कडा पाहिल्या होत्या. खांब, भिंती, फाटकांचे कोपरे, जिथे जिथे माणूस आपटतो त्या सगळ्या जागा. मधला रस्ता त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. त्यांना उगाच ओशाळल्यासारखं झालं आणि त्या पाठोपाठ, आपली पोरगी हुशार आहे, असं साधं सरळ कौतुक वाटलं. ते त्यांनी गिळून टाकलं, कारण बेत तसा नव्हता.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. रोज इथूनच तर जाते कामाला. तुम्हाला प्रश्न पडायचा ना, मी घरी उशिरा का येते? येताना हेच बघत असते."

टाकीच्या मागच्या चढावर नानांना धाप लागली. तिनं चाल हळू केली, पण तसं दाखवलं नाही, बुटाची नाडी बांधल्यासारखं केलं. नानांना ते कळलं. तिथून पुढे हकिगती सांगायच्या राहूनच गेल्या. तीच बोलत होती. इथे डांबराला ठिगळ आहे, इथे झाडाच्या मुळानं रस्ता उचललाय, इथे पांढरा पट्टा आहे त्यावर चाक नाही जाऊ द्यायचं. नाना "हं, हं" करत होते. कुणी लांबून बघितलं असतं तर वाटलं असतं, बापलेक घराची जागा बघायला निघालेत.

मग रस्ता खाली उतरू लागला आणि न्हाव्याचं कोपर आलं. हात कोपरात मोडावा तसा रस्ता तिथे मोडतो, म्हणून ते नाव. एका बाजूला न्हाव्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला खांब. वळण संपलं की समोर रेषा दिसते. पंच खुर्चीत बसलेले दिसत होते, चष्मा पुसत.

खांबावरची गादी नवी होती. दरवर्षी नाना पहिली हीच शिवतात आणि हीच सगळ्यात जाड. ते तिच्याजवळ गेले, पण गुद्दा हाणायला हात उचलला गेला नाही. तळवा तेवढा टेकवला. पायाशी फूटपाथ होता. वीतभर उंच. एक पाय टाकला की झालं. इतकं सोपं होतं, आणि नाना गादीवरून हात काढत नव्हते. डोळ्यांसमोर धाकटा होता, पण पडलेला नाही. आदल्या संध्याकाळचा. इथेच, याच जागी, तो चालता चालता गप्प झाला होता.

भिंगरीनं बापाचा चेहरा पाहिला. ती जवळ आली.

"नाना," ती हळूच म्हणाली, "राहू द्या. तुम्ही नका पाय टाकू. मी टाकते. पंचांना सांगते की माझाच विचार बदलला. तुम्हाला कुणी काही बोलणार नाही."

आणि ती खरंच वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, रुसवा नव्हता. तिला सगळं ठाऊक होतं. बहुतेक सकाळी चहाच्या वेळीच ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती अख्खी फेरी त्यांच्यासोबत चालली होती. तिनं फूटपाथसाठी पाय उचलला.

नानांनी तिचा दंड धरला आणि तिला रस्त्यावर मागे ओढलं. इतक्या जोरात, की तिचा तोल गेला आणि ती त्यांच्या अंगावरच आली.

"थांब," ते म्हणाले. "खाली उतर... म्हणजे वर जाऊ नकोस. थांब इथेच."

ती थांबली.  नाना गादीकडे बघत बोलू लागले.

"तुझा काका इथे गप्प झाला होता. वाटभर बडबड करणारा पोरगा. मला वाटलं दमला. मी त्याला हसवायला लागलो. रेषेपर्यंत विनोद सांगत गेलो. त्याला विचारलंच नाही मी, की बाबा रे, भीती वाटते का. आमच्यात तसं कुणी कुणाला विचारायचं नाही." त्यांनी नाक पुसलं. "तो पडला त्याचं नाही एवढं. पडणारा कुठेही पडतो. पण विचारलं नाही ते मला खातं."

न्हाव्याच्या दुकानाचं फळकूट वाऱ्यानं वाजत होतं. नानांनी तिच्याकडे तोंड केलं.

"तुला भीती वाटते का?"

 भिंगरीनं वळणाकडे पाहिलं, वरून येणाऱ्या उताराकडे पाहिलं.

"वाटते," ती म्हणाली. "सगळ्या रस्त्यात इथेच वाटते."

"मग काय करणार?"

"हळू घेणार. बाकीचे इथे वेग ठेवतात, कारण पुढे रेष आहे आणि माणसं बघत असतात. मी इथे गाडी चालवल्यासारखी चालवणार. जाऊ देत पुढे कुणाला जायचं ते."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

 मग नानांनी चावणाऱ्या चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी चालू लागले, रेषेकडे, रस्त्याच्या मधून. भिंगरीला त्यांना गाठायला चार पावलं पळावं लागलं.

पंच नानांना पुरते ओळखत होते. मागच्या वेळी, धाकट्यासोबत नाना आले तेव्हा, रेषेवर या पंचांचे वडील बसले होते. पंचांनी चष्मा घातला, पुन्हा काढला, आणि खाली मान घालून विचारलं, "सोबत कोण?"

"मी," नाना म्हणाले. या वेळी छाती काढली नव्हती. आवाजही बसलेला होता. "हिचा बाप."

दुसऱ्या दिवशी नानांनी दुकानाचं दार आतून लावलं नाही. ते न्हाव्याच्या ओट्यावर गर्दीत उभे राहिले. शेजारी खुर्ची टाकून नानी बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल घेऊन, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आमची निळ्या हेल्मेटवाली" म्हणून सांगत होत्या. अजून एकही गाडी आलेली नव्हती.

मग वरून आवाज आला. आधी मधमाश्यांसारखा, मग अंगावर येणारा. पहिल्या गाड्या कोपर कापत गेल्या आणि लोकांनी माना वळवल्या. त्यांच्यामागे एकटंच निळं हेल्मेट आलं. भिंगरी चांगली पाचव्या जागेवर होती. कोपर जवळ आलं तसा तिच्या गाडीचा आवाज उतरला, ती बाहेरच्या बाजूनं सावकाश आत आली, आणि तेवढ्यात मागून दोघे जण सूं करून तिच्या पुढे निघून गेले.

ओट्यावर हळहळ उठली. "गेल्या की हो दोन जागा," न्हावी म्हणाला. "पोरगी हळू घेते. घाबरते."

"हो," नाना म्हणाले. "घाबरते."

आणि ते टाळ्या वाजवायला लागले. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, मोठ्यांदा, अगदी एकटे. लोक वळून बघू लागले, की मुलीच्या दोन जागा गेल्या आणि हा बाप टाळ्या काय वाजवतोय. नानींनी त्यांचा सदरा ओढला, "अहो, लोक बघतायत." नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. निळं हेल्मेट वळण संपवून सरळ झालं, आवाज पुन्हा चढला, आणि ती रेषेपलीकडे गेली. नाना हात खाली न घेता वरच्या उताराकडे वळून उभे राहिले. तिला अजून बऱ्याच फेऱ्या मारायच्या होत्या.